सोळापैकी चार

माझ्या थोरल्या जाऊबाई कधी आजारी पडल्या नाहीत. एकोणतीस वर्षं एकाच वर्कशॉपमध्ये काम केलं, पण दुखण्याची रजा एकदाही घेतली नाही. लोक हे कौतुकानं सांगतात. मीही सांगायचे. आता कोणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो आणि एकाच वर्कशॉपला जातो. तिथं आम्हाला मोठ्या बाई आणि धाकट्या बाई म्हणतात. वर्कशॉप कॉम्प्युटर दुरुस्तीचं. तपासणी केंद्रात पडद्यावर हृदयाची, पोटाची हलती चित्रं दिसतात ना, त्यामागचे कॉम्प्युटर वर्षातून एकदा आमच्याकडे देखभालीला येतात. मी ते उघडते, धूळ काढते, पंखे बदलते, चित्र तयार करणारी कार्डं काढून ठेवते आणि शेवटी सगळं परत जोडते. कार्डांची सफाई आणि शेवटची तपासणी जाऊबाईंकडे. सगळं झालं की त्या चिठ्ठीवर लिहायच्या, "तपासले. चालते." खाली सही. त्या दोन शब्दांवर यंत्र केंद्रात परत जायचं.

घरी भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, सहा वर्षांपासून अर्धांगवायूनं अंथरुणावर आहेत. जाऊबाई पाचला उठायच्या. भावजींची कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, दुपारची औषधं काढून शेजारणीला समजावून ठेवायची, मग दोन बस बदलून कामावर. संध्याकाळी आलं की पुन्हा पहिल्यापासून. माझा नवरा दुसऱ्या गावी गोदामावर असतो, महिन्यातून दोनदा येतो. तेव्हा स्वयंपाक, पाणी, बाजार माझ्याकडे. सकाळी चपला घालता घालता मी रोज विचारायचे, "ताई, चाललंय ना सगळं?" त्या म्हणायच्या, "चाललंय." तोवर मी जिना उतरायला लागलेली असायचे.

मला हे काम त्यांनीच शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला स्क्रू सरळ धरता येत नव्हता. नवीन कार्डं आली, ती बसवायच्या नव्या पद्धतीच्या खाचा आल्या, तेव्हा मालकांनी आम्हाला एक जाडजूड पुस्तक दिलं आणि स्वतः उंटावरून शेळ्या हाकत बसले. पुस्तक वाचलं जाऊबाईंनी. बसमध्ये वाचायच्या आणि मला सांगायच्या.

"जुन्या पद्धतीत काय होतं," त्या म्हणाल्या होत्या, "बत्तीस तारा. बत्तीस माणसांनी मिळून एक लांब फळी उचललीय असं समज. सगळ्यांचं पाऊल एकदम पडायला हवं. हळू चाललेत तोवर ठीक. पळायला लागले की एखादा मागे राहतो, एखादा पुढे जातो, आणि फळी पडते. म्हणून ती पद्धत एका वेगाच्या पुढे जाईना."

"मग नवीन पद्धतीत?"

"फळीच काढून टाकली. आता प्रत्येकाच्या डोक्यावर आपापली पेटी. ज्यानं त्यानं आपल्या चालीनं पळायचं. कोण पुढे, कोण मागे, ते पोचल्यावर दारातला माणूस जुळवून घेतो. अशा वाटेला लेन म्हणतात. मोठ्या खाचेत अशा सोळा."

एकेका लेनमध्ये जायला दोन तारा आणि यायला दोन. एका दिशेला दोन तारा कशाला, हे मला कळेना. त्यावर त्यांनी सांगितलं की एक तार निरोप सरळ सांगते आणि दुसरी तोच निरोप उलटा करून सांगते. वाटेत जो गोंगाट होतो तो दोघींवर सारखाच बसतो. पोचल्यावर एकीतून दुसरी वजा केली की गोंगाट जातो आणि निरोप उरतो. मला हे इतकं आवडलं की मी उतरायचा थांबा चुकवला. जाऊबाई म्हणाल्या, "शिकलीस, आता घर कुठंय तेही लक्षात ठेव." तेव्हा त्या थट्टा करायच्या.

आता खोडरबराची गोष्ट. प्रत्येक कार्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. तीच खाचेत बसते. पट्ट्यांवर हातांचा तेलकटपणा बसतो, डाग पडतात, मग जोड नीट लागत नाही. आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी की शाळेतला खोडरबर घ्यायचा आणि पट्ट्या चकचकीत होईपर्यंत घासायच्या. जाऊबाईंना ही रीत मालकांनी शिकवली, त्यांना त्यांच्या मालकांनी. बंद पडलेलं कार्ड रबर फिरवल्याबरोबर जिवंत झालेलं मी शंभर वेळा पाहिलंय. त्या पुस्तकात लिहिलं होतं की असं करू नये, सोन्याचा थर फार पातळ असतो, स्पिरिटनं पुसावं. पण पुस्तकातलं पुस्तकात राहतं. जाऊबाईंच्या टेबलावर निळा रबर कायम असायचा, आणि मीही कधी काही बोलले नाही.

मागच्या महिन्यात एका हृदय तपासणी केंद्रातून तक्रार आली. तपासणी चालू असताना पडद्यावरचं चित्र अडखळतं. दोन क्षण थांबतं आणि मग उडी मारून पुढे जातं. डॉक्टर हृदयाची झडप बघतायत आणि नेमकी उघडायच्या वेळी चित्र गोठतं. एका बाईंची तपासणी तीन वेळा करावी लागली. यंत्र आठवड्यापूर्वीच आमच्याकडून गेलं होतं.

मालकांनी आम्हाला दोघींना बोलावलं. चिठ्ठी पुढे टाकली. जोडणी, माझी सही. तपासणी, जाऊबाईंची सही.

"मोठ्या बाईंच्या हातून एकोणतीस वर्षांत चूक झाली नाही," मालक म्हणाले. "म्हणजे जोडताना घाई झाली. धाकट्या बाई, सोमवारपर्यंत दोष शोधून द्या. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

मी जाऊबाईंकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. मी वाट बघत राहिले की त्या काहीतरी म्हणतील. तिचा हात असा नाही, मीच शिकवलंय तिला, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्या दिवशी बसमध्ये मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

यंत्र शनिवारी माझ्या टेबलावर आलं. चालू केलं तर व्यवस्थित चालू झालं. चित्र आलं. कोणीही म्हटलं असतं, चालतंय. यातच या पद्धतीची खोड आहे, म्हणजे गुणही तोच आणि खोडही तीच. जुनं कार्ड बिघडलं की सरळ मरायचं, मग आपण दुरुस्त करायचो. हे मरत नाही. कॉम्प्युटर सुरू झाला की खाच आणि कार्ड आधी आपसात बोलणी करतात. किती लेन धड आहेत, किती वेग झेपेल? सोळाच्या सोळा जुळल्या तर सोळा. नाही तर आठ. आठ नाही तर चार. अगदीच काही नाही तर एक. जे जमेल ते ठरवतात आणि त्यावर काम सुरू. कोणाला सांगत नाहीत. वरून, प्रत्येक पेटीवर क्रमांक असतो आणि आतला माल मोजल्याची खूण. पेटी फुटकी पोचली तर घेणारा म्हणतो, परत पाठव. देणाऱ्यानं नक्कल जपून ठेवलेली असते, तो परत पाठवतो. हेही आतल्या आत. बाहेर फक्त चित्र जरा उशिरा येतं. साध्या कामाला तर तेही कळत नाही, भार आला की कळतं.

मी भार दिला. वेगाचा आकडा रिकाम्या वेळी वीज वाचवायला खाली गेलेला असतो, म्हणून यंत्र कामाला लावूनच बघायचं, हेही जाऊबाईंनीच शिकवलेलं. आमच्या टेबलावरच्या पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लेनची ओळ असते. क्षमता: सोळा. सध्या: चार.

कार्ड काढून भिंगाखाली धरलं. पहिल्या चार लेनच्या पट्ट्या धड होत्या. पाचवीपासून पुढे सोनं नव्हतंच. राखाडी थर उघडा पडलेला, दोन पट्ट्यांवर तर तांब्याची लाली दिसत होती, आणि फटीत निळ्या रबराची भुकटी. एक पाचवी लेन गेली की आठचं गणित जमत नाही, म्हणून यंत्र सोळावरून थेट चारवर आलं होतं. उरलेल्या चारमध्येही जोड कच्चा, म्हणून पेट्या परत जात होत्या.

राग म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. घासलं यांनी, "चालते" लिहिलं यांनी, आणि घरी बसायची पाळी माझी. शिवाय सगळ्यात जास्त राग याचा, की ती ओळ बघायला मला यांनीच शिकवली होती.

रविवारी दुपारी भावजींचं जेवण झालं, ते झोपले. जाऊबाई स्वयंपाकघरात टेबलाशी धान्य निवडत बसल्या होत्या. मी ते कार्ड पिशवीतून काढलं आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं.

"हे बघा," मी म्हणाले.

"काय?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, टेबलाकडे नाही.

"काय म्हणजे? समोर ठेवलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून मी काल गप्प बसले. पण नोकरी माझी जातेय, ताई. सगळं सोनं घासून काढलंत तुम्ही. आंधळ्यालाही कळेल असं. दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांचा हात टेबलावरून डावीकडे सरकला. चाचपडत. बोटं कार्डाला लागली तेव्हा कुठे त्यांनी अख्खी मान वळवली आणि कार्ड उजवीकडे आणून उजव्या डोळ्याशी धरलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्यानं नाही दिसत."

मला वाटलं, थट्टा करतायत. कितीतरी दिवसांनी थट्टा करतायत आणि तीही अशी.

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. आधी कडेला काळा पडदा आल्यासारखं वाटायचं. मग तो वाढत गेला." त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "उजवाही दुपारनंतर धूसर होतो. डाग गेला की नाही ते कळत नाही, म्हणून मी जरा जास्त घासते. ती बारीक ओळ तर मला कित्येक महिन्यांत वाचता आली नाही. चित्र आलं की लिहिते, चालते."

मी खुर्चीत बसले. आणि मग एकेक आठवायला लागलं, आणि जे आठवत होतं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं होतं. बसमध्ये मला नेहमी आपल्या उजवीकडे बसवायच्या. पाण्याचा पेला डावीकडे ठेवला की हमखास सांडायचा, आणि मी म्हणायचे, "लक्ष कुठंय तुमचं?" सुईत दोरा ओवायला माझ्याकडे द्यायच्या, आणि मी तोंड वाकडं करून ओवून द्यायचे. जिन्यावर भिंतीला हात लावून उतरायच्या. मला वाटायचं गुडघे.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? टेबलावरून उठवलं असतं मला. मग घर कशावर? आणि दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस मोडायचा. यांना कोण बघणार?" त्या पुन्हा धान्य निवडायला लागल्या, एका डोळ्यानं, बोटांनी खडे चाचपत. "त्या दिवशी मालकांसमोर बोलायला हवं होतं मी. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. भ्याले मी. तुला पुढे केलं. चुकलं माझं."

मी भांडायला आले होते. तोंडपाठ करून आले होते काय काय बोलायचं ते. त्यातलं एकही वाक्य मला आठवेना. मी त्यांच्या पुढ्यातलं ताट ओढलं आणि खडे काढायला लागले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून मलाही काही दिसेना.

सोमवारी मी ठरवलं होतं की मालकांना सांगायचं, खाचेत दोष होता. खोटं, पण चालून गेलं असतं. आम्ही आत गेलो, मी तोंड उघडायच्या आत जाऊबाईंनी कार्ड मालकांपुढे ठेवलं.

"धाकटीचा दोष नाही. हे माझ्या हातचं आहे. मी रबरानं घासलं. आणि मला एका डोळ्यानं दिसत नाही, म्हणून किती घासलं ते कळलं नाही."

मालक भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रबर कशाला वापरता अजून?"

"तुम्ही शिकवलंत," जाऊबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. तुमच्याच खिशातला दिला होतात."

मालकही म्हातारे झालेत. त्यांनी आपला चष्मा काढला, पुसला, परत लावला. कार्ड बदलून द्यायचं, केंद्राला खरं काय ते सांगायचं आणि मागच्या वर्षभरात गेलेली सगळी यंत्रं परत मागवायची, असं ठरलं. जाऊबाईंना म्हणाले, "बाई, तपासणीच्या टेबलावर आता नको." नोंदीच्या टेबलावर फोन घ्यायला बसायला सांगितलं. शेवटची तपासणी माझ्याकडे आली. किती वर्षं मला ते टेबल हवं होतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मिळालं ते असं.

परत आलेली यंत्रं आम्ही दोघींनी मिळून बघितली. एकवीस होती. सहा यंत्रं आठ लेनवर चालत होती, तीन चार लेनवर. एक तर एका लेनवर चालत होतं. पोटाच्या तपासणीचं यंत्र, आठ महिने एका लेनवर. त्याची एकही तक्रार आली नव्हती. तिथल्या माणसाला फोनवर विचारलं तर म्हणाला, "हो, जरा संथ होतं खरं. आम्हाला वाटलं, जुनं झालं असेल. पण चालत होतं."

मी रजा घेऊन जाऊबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भावजींजवळ त्या दिवशी माझा नवरा बसला. चार खोल्या, चार यंत्रं, डोळ्यांत थेंब, पुन्हा तेच. एका यंत्रावर त्यांच्या डोळ्याच्या आतलं चित्र पडद्यावर आलं तेव्हा मी खाली डाव्या कोपऱ्यात बघितलं. सवय. तिथं तसलं काही नव्हतं.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी सांगितलं, डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय, सुटून फार दिवस झालेत, आता परत नजर येणार नाही. उजव्यात मोतीबिंदू आहे, त्याची शस्त्रक्रिया होईल, तो सुधारेल. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"पहिल्या आठवड्यात आला असतात तर हाही वाचला असता. इतकं दुखणं अंगावर का काढलंत, आजी?"

जाऊबाईंना कोणी आजी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. त्यांनी अख्खी मान वळवून डॉक्टरांकडे बघितलं.

"चालत होतं," त्या म्हणाल्या.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आणि घरात कोणाच्या लक्षात नाही आलं? तुम्ही रोज बरोबर असता ना? कधी विचारलं नाही?"

विचारायचे मी. रोज सकाळी, चपला घालता घालता. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "विचारायचे."

बाहेर आल्यावर मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले. सवयीनं त्या मला उजवीकडे सरकवायला लागल्या, तर मी म्हणाले, "नको, ही बाजू आता माझ्याकडे." बसथांब्याच्या बाकावर बसलो. एक बस गेली, आम्ही उठलो नाही.

"ताई," मी म्हणाले, "खरं सांगा. कसं आहे?"

त्यांनी नेहमीचा शब्द म्हणायला तोंड उघडलं. मी जागची हलले नाही. मग त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"दमलेय गं मी," त्या म्हणाल्या. "फार दमलेय."